घोडी आधी, पोट मागून

घोडा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा म्हटलं की लोक आधी प्रवासाचं विचारतात. विमानाने की रस्त्याने? सगळा वेळ उभाच असतो का? घाबरत नाही का? प्रश्न रास्त आहेत. पण प्रवास हा या सगळ्यातला लहान भाग. रस्त्यावर काळजी घ्यायला वाहनवाले असतात, पशुवैद्य असतात, सरकारी नियम असतात. नव्या गावात पोचल्यावर घोड्याच्या पोटात काय जाणार, हे मात्र मालकालाच पाहावं लागतं, आणि ते ट्रक दारात येण्याच्या कितीतरी आधीपासून.

इरा माझी डच घोडी, कुमैत रंगाची, वजन ५८० किलो, जन्म २०१३ चा. नेदरलँड्समधल्या मोठ्या पैदास संघटनेत दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं आणि त्या साली जन्मलेल्या शिंगरांची नावं त्याच अक्षराने सुरू होतात. २०१३ ला 'आय' होतं. आमच्या घरात ते नाव बदलावंसं कुणालाच वाटलं नाही. उट्रेख्तजवळ एका शेतकऱ्याच्या तबेल्यात ती भाड्याने राहायची. सपाट हिरवी कुरणं, चहूबाजूंनी पाण्याचे चर, वर्षातले बरेच महिने ओली चिखलट जमीन. माझी नोकरी लिस्बनला गेली तेव्हा बऱ्याच जणांनी ती विकून टाकायचा सल्ला दिला. तो मी मनावर घेतला नाही. लिस्बनच्या ईशान्येला, तेजो नदीच्या काठी गोलेगां नावाचं गाव आहे. पोर्तुगाल त्याला घोड्यांची राजधानी म्हणतो. तिथून जवळच एन्त्रोंकामेन्तु हे रेल्वेचं जंक्शन, आणि लिस्बनची गाडी साधारण तासाभराची. माझी आणि इराची सोय एकाच ठिकाणी लागत होती.

आमचं मूळ खानदेशातलं. माझे आजोबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे, पुष्कळदा नुसते बघायला. तापीच्या काठावर राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून आलेले घोडे दावणीला बांधलेले असत. आजोबा दात बघत, पाय बघत, चाल बघत, आणि किमतीचं बोलणं निघण्याआधी विक्रेत्याला विचारत, "चंदी काय चालू आहे?" पंजाबातून आलेला घोडा एक खात असणार, मारवाडातून आलेला दुसरंच. त्यांच्या मते हे न विचारता घोडा घरी नेणाऱ्याने घोडा घेतलाच नाही, फक्त पैसे दिले.

यामागचं कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानाने छोटं असतं, खरं काम मागच्या आतड्यात चालतं. तिथे शंभर लिटरहून मोठ्या जागेत अब्जावधी सूक्ष्मजीव गवताचे धागे आंबवतात आणि घोडा त्या आंबवण्यावर जगतो. ही वस्ती ज्या चाऱ्यावर वाढलेली असते तोच चारा तिला पचवता येतो. चारा एकदम बदलला की जुने जीव मरतात, नवे अजून वाढलेले नसतात, वायू होतो, आम्लता वाढते, पोटशूळ उठतो. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणजे आत गेलेलं मागच्या वाटेनेच बाहेर पडणार. पोटशूळ हे आजही घोडा दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. दाणागोटा बदलायला निदान दहा ते चौदा दिवस घ्यावेत हे पाठ्यपुस्तकात असतंच. चाऱ्याला मी त्याहून जास्त वेळ द्यायचं ठरवलं.

नेदरलँड्समध्ये इरा खायची ते गुंडाळीचं गवत. कापलेलं राय गवत अर्धवट वाळवून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. आत ते जरा आंबतं, ओलसर राहतं, उघडल्यावर आंबटगोड वास येतो. पावसाळी देशात गवत पूर्ण वाळायला सलग ऊन मिळत नाही, म्हणून ही रीत पडली. पोर्तुगालमध्ये उन्हाची कमी नाही. तिथे चारा म्हणजे खडखडीत वाळलेलं गवत, बरेचदा ओटचं, जोडीला लसूणघास, आणि पेंढा. गुंडाळीचं गवत तिथे मिळालं तरी उघडलेला गठ्ठा उन्हाळ्यात फार लवकर खराब होतो. म्हणजे बदल करावा लागणारच होता. तो कुठे सुरू करायचा एवढाच प्रश्न होता, आणि मी तो निघण्याआधीच सुरू केला. डच शेतकऱ्याकडून कोरडं गवत मिळवून रोजच्या चाऱ्यात थोडं थोडं मिसळायला लागले. गुंडाळीच्या गवताचे गठ्ठेही ट्रकमध्ये बरोबर घ्यायचे ठरवले, म्हणजे तिकडे गेल्यावर जुन्याचा हात एकदम सुटणार नाही.

पाण्याचीही तयारी करावी लागते. घोडा परक्या चवीचं पाणी नाकारतो आणि प्रवासात पाणी न पिणं फार महागात पडतं, कारण कोरड्या आतड्यात चारा अडकून बसतो. म्हणून निघण्याच्या काही आठवडे आधीपासून बादलीत सफरचंदाचा रस थोडासा घालायला लागले. रस्त्यात कुठलंही पाणी असलं तरी चव तीच लागावी. ही घोडेवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर चालते.

वेळ निवडली ऑक्टोबरअखेरची. उत्तरेत तेव्हा गवत थांबायला आलेलं असतं. तेजोच्या खोऱ्यात मात्र उन्हाळाभर पिवळं पडलेलं रान पहिल्या पावसाने नुकतं हिरवं होऊ लागतं. तिथला गवताचा हंगाम उत्तरेच्या उलटा आहे: शरदात सुरू, वसंतात ऐन भरात, जूनमध्ये संपलेला. ऐन उन्हाळ्यात नेली असती तर चारा, हवा, माश्या, सगळे बदल तिच्यावर एकदम कोसळले असते.

कागदपत्रं फारशी नव्हती. युरोपीय संघात प्रत्येक घोड्याला पासपोर्ट आणि मानेत चिप असते. वर निघताना सरकारी पशुवैद्याचं आरोग्यपत्र लागतं. वेस्ट नाईल विषाणूची लस मी आधी देऊन घेतली. वाहनवाला शोधायला जास्त वेळ गेला. पहिल्याशी बोलणं झालं तो मध्ये मुक्काम न करता सरळ जाऊ म्हणाला. युरोपीय नियमानुसार घोड्यांना सलग २४ तासांपर्यंत नेता येतं, दर आठ तासांनी पाणी दिलं म्हणजे झालं. कायद्यात बसतं ते सगळं घोड्याला मानवतं असं नाही. मी नको म्हटलं आणि बोर्दोजवळ रात्रीचा थांबा घेणारं एक जोडपं शोधलं. आळीपाळीने गाडी चालवणारे नवरा-बायको, आणि केबिनमध्ये मला बसायला जागा.

निघालो त्या पहाटे इरा फळीवर चढली ती समोर टांगलेल्या जाळीतल्या गवताकडे बघत. वाहनवाल्या बाईंनी एक गोष्ट आवर्जून दाखवली: मोरखीची दोरी एवढी लांब बांधायची की घोड्याला डोकं खाली घालता आलं पाहिजे. डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं की नाकातली धूळ आणि जंतू श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतात, कारण घोडा ते मान खाली घालूनच बाहेर टाकतो. प्रवासानंतर घोड्यांना होणाऱ्या न्यूमोनियाचं मोठं कारण हेच. प्रत्येक थांब्यावर त्या गवताची जाळी काढून जमिनीवर ठेवायच्या आणि इराने मान टाकून फुरफुरल्याशिवाय गाडी हलू द्यायच्या नाहीत. बेल्जियम कधी आला आणि गेला ते कळलंच नाही. पॅरिसच्या बाहेरच्या रस्त्यावर गर्दीत बराच वेळ गेला. पॉइतिएनंतर ढग फाटले.

बोर्दोच्या दक्षिणेला पाइनच्या जंगलालगत एक शेत होतं, रात्री तिथे उतरलो. इराला मोकळ्या खणात सोडल्यावर ती आधी लोळली, मग अंग झाडलं, मग पाण्याच्या बादलीकडे गेली. मी बरगड्यांच्या मागे, कुशीला कान लावून उभी राहिले. घोड्याचं पोट चांगलं चाललं असेल तर आतून सतत गुरगुर, मधूनच लांब गडगडाट ऐकू येतो. शांतता वाईट. त्या रात्री दोन्ही कुशींतून आवाज येत होता. ताप मोजला, ३७.९. घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ असतं, त्यात ती बसत होती. लीदही नेहमीसारखी पडली. मग मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी इरुनला स्पेनमध्ये शिरलो, बास्क डोंगर चढून व्हितोरिया आणि बुर्गोस. पुढे कास्तीयाचं पठार, तासन्‌तास कापून गेलेल्या गव्हाची उघडी रानं. पठारावर हवा थंड होती, ट्रकच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवून इरा नाकपुड्या फुलवत उभी. सालामांका गेलं, संध्याकाळी व्हिलार फोर्मोझोची हद्द ओलांडली आणि घड्याळ एक तास मागे गेलं. माणूस काटा फिरवून मोकळा होतो, घोड्याला खायची वेळ आतून कळते. संध्याकाळचा चारा मी तिच्याच वेळेला दिला आणि पुढे हळूहळू सरकवत नेला. ग्वार्दा, कास्तेलो ब्रांको, मग उतार, ऑलिव्हची आणि बुचाच्या ओकाची झाडं, आणि अंधारात तेजोचं खोरं.

तबेल्याचे जुने मोतद्दार आमची वाट बघत जागे होते. सगळे त्यांना 'मेस्त्रे' म्हणतात. त्यांनी इराला उतरवून घेतलं, पायांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, ही काय खाते? सारंगखेड्याची आठवण झाली, पण बोलायला तेवढी पोर्तुगीज मला तेव्हा येत नव्हती. मी बरोबर आणलेला गठ्ठा उघडून दाखवला. त्यांनी मूठभर गवत नाकाशी नेलं, चावून पाहिलं आणि मान हलवली.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी मिळून तिचा चारा बदलला. आधी एक भाग तिथलं गवत आणि तीन भाग डच, मग अर्धं-अर्धं, मग उलट. रोज एकूण दहा किलोच्या आसपास. घोड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून कमी चारा कधीच देऊ नये. गुंडाळीच्या गवतात पाणी असतं, कोरड्यात नसतं, त्यामुळे चारा बदलला की पाणी वाढतं. दिवसाकाठी किती बादल्या गेल्या ते मी दारावर खडूने लिहीत होते. बीटाचा चोथा भिजवून दिला म्हणजे पोटात आणखी पाणी जातं, शिवाय मिठाचा खडा होताच. ओटच्या गवताचा नमुना मी तपासायला पाठवला. दिसायला ते साधं, पेंढ्यासारखं असतं. पण कणसात दूध भरायच्या वेळी कापलेलं असलं तर त्यात साखर बरीच असू शकते. इराचं अंग लवकर सुटतं. अशा घोड्याच्या बाबतीत अंदाजावर राहणं बरं नाही.

मेस्त्रेंशी माझा एक मतभेद झाला आणि तो अजून आहे. तिथली जुनी रीत म्हणजे पेंढा भरपूर, गवत कमी आणि दाण्याचा तोबरा मोठा. ओट, जव, घोड्याचा वाल, अल्गार्वकडच्या कॅरोबच्या शेंगा. लुसितानो घोडे पिढ्यान्‌पिढ्या यावर वाढलेत आणि उन्हातान्हात बैलांमागे धावलेत. इरा तशी नाही. पेंढा जास्त झाला की तो आतड्यात गोळा होऊन अडकतो, दाण्याचा पिष्ट एकदम गेला की मागच्या आतड्यात आम्ल होतं, आणि दोन खाण्यांत मोठा खंड पडला की जठरात व्रण होतात. मी दाणा जवळजवळ बंद ठेवला आणि सकाळी फिरायला काढण्याआधी थोडी लसूणघास देऊ लागले, कारण तिच्यातलं कॅल्शियम जठरातलं आम्ल मारतं. कॅरोबची शेंग आठवड्यातून कधीतरी, बक्षीस म्हणून. मेस्त्रेंना हे लाड वाटतात. मला ते तिच्या अंगाला धरून वाटतं.

पण वाळूच्या बाबतीत मी त्यांचं अक्षरशः ऐकलं. नदीकाठची जमीन गाळाची आणि रेताड. घोडा जमिनीवरचं गवत वेचताना वाळू गिळतो, ती मोठ्या आतड्यात खाली बसते आणि साठत जाते. मेस्त्रेंनी दाखवलेली परीक्षा अगदी सोपी आहे. जमिनीला न टेकलेली ताजी लीद पाण्याच्या बादलीत विरघळवायची, थोडा वेळ थांबायचं, पाणी हळूच ओतून टाकायचं आणि तळाशी बोट फिरवायचं. पहिल्यांदा माझ्या बोटाला काहीच लागलं नाही. महिन्याभराने बारीक खरखर लागली. तेव्हापासून चारा रबरी चटईवर पडतो आणि दर महिन्याला एक आठवडा तिला इसबगोल मिळतं. दुकानातून आणलेल्या पोत्यावर बारीक अक्षरात मूळ देश भारत असं छापलेलं आहे. गुजरात-राजस्थानच्या शेतांतलं इसबगोल जगभरच्या तबेल्यांत जातं. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरही त्याची डबी असते. पण ते काही जादूचं औषध नाही, वाळू पोटात जाऊ न देणं हाच त्यातला मोठा भाग.

नोव्हेंबरमध्ये ११ तारखेला सेंट मार्टिनचा दिवस येतो आणि त्या सुमाराला गोलेगांचा घोडेबाजार भरतो. गावाच्या मधल्या मैदानाभोवती घोडेस्वार गोल फिरत असतात, भाजलेल्या चेस्टनटचा धूर असतो, रात्री उशिरापर्यंत टापा वाजत राहतात. या गर्दीत मला आठवत राहिला तो मार्को पोलो. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो दक्षिण भारताच्या पूर्व किनाऱ्यावर होता. होर्मुझ, कीश, धोफार, एडनहून हजारो घोडे जहाजांतून तिथे यायचे, राजे सोनं ओतून घ्यायचे आणि वर्ष सरेपर्यंत त्यातले फारच थोडे उरायचे. त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारलं जातं, असं त्याने लिहून ठेवलंय. नालबंद तिथे नव्हते, आणि व्यापारी मुद्दामच नालबंदांना तिकडे जाऊ देत नसत, कारण घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे विकले जाणार. पुढे १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर हाच अरबी घोड्यांचा व्यापार गोव्याच्या बंदराकडे वळवला गेला आणि त्यावरच्या जकातीतून पोर्तुगीजांनी बक्कळ कमाई केली. घोडा समुद्रापार नेण्याची विद्या शतकानुशतकं होती. त्याला पोचल्यावर जगवायची विद्या बरोबर पाठवायची नाही, असा तो व्यवहार होता. मला हा इतिहास संतापजनक वाटतो. आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यात भीमथडी घोडा तयार झाला, तो अरबी आणि तुर्की रक्ताच्या घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन, असं सांगतात. म्हणजे कुठेतरी कुणीतरी त्या परक्या घोड्यांना इथल्या कडब्यावर आणि हरभऱ्यावर नीट आणलं असणार. त्या मोतद्दारांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

पहिला वसंत इराला जड गेला. उत्तरेत गवताला जोर एप्रिल-मेमध्ये येतो, इथे फेब्रुवारीतच. राय गवतावर वाढलेल्या जाड अंगाच्या घोडीला ते मोकळं चरू दिलं तर खुरांच्या आत सूज येऊन ती लंगडी व्हायची भीती, म्हणून चरण्याचे तास बांधून दिले होते. संकट आलं ते मात्र दुसऱ्याच बाजूने. मार्चमध्ये एका सकाळी तिने चारा तसाच ठेवला. ताप ३९.८, हिरड्या फिकट आणि किंचित पिवळ्या. पशुवैद्य बाईंनी रक्त घेतलं. गोचिडीमुळे होणारा पायरोप्लाज्मोसिस. यात परजीवी तांबड्या पेशींत शिरतात आणि त्या फुटतात. दक्षिण युरोपात हा रोग सर्रास आहे. इथली शिंगरं लहानपणीच त्याला सामोरी जातात आणि पुष्कळशी निभावतात. उत्तरेकडून आलेल्या मोठ्या घोड्याच्या शरीराला त्याची ओळखच नसते. लस अजून नाही. औषध दिलं तेव्हा इरा घामाने भिजली आणि पोट दुखल्यासारखी पाय आपटत राहिली. त्या औषधाचा हा परिणाम ठाऊक असतो, म्हणून बाई शेवटपर्यंत थांबल्या. ताप उतरायला लागला तसं तिने माझ्या हातातून गवताची एक काडी घेतली.

या रोगातल्या एका प्रकारचे परजीवी घोड्याच्या रक्तात आयुष्यभर राहू शकतात, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश रक्ततपासणीत ते सापडले तर घोड्याला आत घेत नाहीत. म्हणजे इराच्या वाटेतली काही दारं आता कायमची बंद असू शकतात. घोडा उत्तरेहून दक्षिणेला नेणाऱ्याने निर्णय घेण्याआधी हे ऐकून ठेवायला हवं, आणि वाहनवाले सहसा ते सांगत नाहीत. आता संध्याकाळचा खरारा झाला की जबड्याखाली, आयाळीच्या मुळाशी, कासेजवळ आणि शेपटीखाली बोटांनी चाचपत गोचीड शोधणं हा ठरलेला कार्यक्रम आहे. चिलटं उठतात त्या पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळी ती आत असते.

उन्हाळ्यात ३५-३८ अंश रोजचेच. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, त्यातून सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम भराभर जातं. नुसतं पाणी देऊन ते भरून निघत नाही. फिरणं सकाळी ऊन तापण्याआधी, नंतर अंगावर पाणी आणि खाण्यात क्षार. ओल्या मातीत मऊ राहिलेले तिचे खूर या टणक जमिनीवर कडांना चिरू लागले, तेव्हा नालबंदाने फेऱ्या वाढवल्या. डच थंडीसाठी दाट यायचा तसा कोट पहिल्या हिवाळ्यात आलाच होता आणि कातरावा लागला. दुसऱ्या हिवाळ्यात तो पातळ आला.

यंदा ओटचं गवत मी उभ्या शेतातच ठरवलं. मेच्या मध्यात मेस्त्रे मला नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याकडे घेऊन गेले. त्यांनी एक कणीस तोडून दाणा नखाने दाबला, पांढरं दूध आलं. अजून थांब, असं ते शेतकऱ्याला म्हणाले, इराला इतकं गोड नको. शेतकऱ्याला कापणी उरकून मका पेरायचा होता, तो ऐकेना. बरीच वादावादी झाली, निम्मी मला कळली. शेवटी शेताचा वरचा तुकडा आमच्यासाठी उभा ठेवायचं ठरलं, किलोमागे थोडे पैसे जास्त देऊन. तपासणीचा अहवाल आला की गठ्ठे उचलायचे.